बॅटरीचाही दाखला हवा

डिझेलच्या जुन्या गाडीचे दुखणे निदान कानाला कळते. जाणता मेस्त्री बॉनेट उघडतो, सायलेन्सरचा धूर बघतो, एक चक्कर मारून येतो आणि गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगतो, ‘हिला काम निघेल.’ इलेक्ट्रिक व्हॅनपुढे या मेस्त्रीचे काहीच चालत नाही. गाडी सुरू झाली तरी आवाज नाही. सरकते दरवाजे, मागे रेलणाऱ्या कॅप्टन सीट, छताची काच, सगळे नव्यासारखे चकचकीत. गाडीतला सर्वांत महाग भाग म्हणजे बॅटरी, आणि ती तळाशी सीलबंद. घेणारा लाखो रुपये मोजतो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूसाठी.

आपल्याकडे हा बाजार आता कुठे उभा राहतो आहे. बीवायडीची ई6 ही 2021 मध्ये आली ती आधी टॅक्सी-कंपन्यांसाठी. 2024 मध्ये तिच्या पाठोपाठ सहा-सात आसनांची ईमॅक्स 7 आली. खऱ्या अर्थाने आलिशान म्हणावी अशी एमजीची एम9 जुलै 2025 मध्ये दाखल झाली. तेव्हाची एक्स-शोरूम किंमत 69 लाख 90 हजार, बॅटरी 90 युनिटची, आणि कंपनीचा दावा एका चार्जिंगमध्ये 548 किलोमीटरचा. युरोपात मर्सिडीजची ईक्यूव्ही 2020 पासून विकली जाते, त्यामुळे तिथे अशा जुन्या व्हॅनना गिऱ्हाईक नवे नाही. इथे पहिल्या मालकांच्या हातून या गाड्या सुटू लागतील तेव्हा त्या कोण घेणार? आजी-आजोबांना उंच एसयूव्हीत चढवता येत नाही म्हणून सरकत्या दरवाजाची गाडी शोधणारे एकत्र कुटुंब. आणि पुण्या-नाशिकचा टूर्सवाला, जो परदेशातून आलेल्या पाहुण्यांना विमानतळावरून आणतो, शिर्डी-अष्टविनायक करवतो. नवी गाडी दोघांच्याही आवाक्याबाहेरची. जुनी घेताना कर्ज काढणार, हप्ते भरणार. म्हणून त्यांची फसगत होऊ नये, ही काळजी साऱ्यांनीच घ्यायला हवी.

बॅटरी वीस टक्क्यांनी थकली तर काय होते, ते रस्त्यावर मोजून बघू. सात माणसे, सामान, पूर्ण एसी आणि द्रुतगती मार्गावरचा वेग धरला तर एका युनिटला चार किलोमीटर हा हिशेब वाजवी आहे. नव्या 90 युनिटमध्ये 360 किलोमीटर. पुण्याहून मुंबई विमानतळ आणि परत म्हणजे सुमारे 300; वाटेत न थांबता फेरी होते. तीच बॅटरी 72 युनिटवर आली की 288 किलोमीटर, म्हणजे घर यायच्या आधीच गाडी खाली. लोक उगाच घाटाला घाबरतात. खोपोली ते लोणावळा चढ साधारण 550 मीटरचा. माणसांसह तीन टनांच्या आसपासची गाडी तेवढी वर न्यायला साडेचार-पाच युनिट जास्तीचे लागतात, आणि उतरताना त्यातले काही परत मिळतात. घाट परवडतो, परवडत नाही ती बॅटरीची कायमची झीज. रात्री दोनचे विमान गाठायचे असताना पाहुण्यांना चार्जिंगच्या रांगेत बसवावे लागले, तर टूर्सवाल्याचा धंदाच बसतो.

ही झीज किलोमीटरच्या आकड्यावरून कळत नाही. एकाच वर्षाच्या, सारख्याच पळालेल्या दोन व्हॅन घ्या. एक घरच्या सावकाश चार्जरवर ऐंशी टक्क्यांपर्यंत भरली गेली आणि सावलीत उभी राहिली. दुसरी दिवसातून दोनदा फास्ट चार्जरवर काठोकाठ भरली आणि विदर्भाच्या मे महिन्यात उन्हात तापत राहिली. बाहेरून दोघी सारख्याच दिसतील. डॅशबोर्डवरचा ‘इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा तर गाडी नुकती कशी चालली यावरून काढलेला अंदाज असतो. तो बघून सौदा करणे धोक्याचे. गाडी टॅक्सी म्हणून राबली का, हेही बघायला हवे. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असली तर टॅक्सी पासिंग ओळखू येते, पण ते बदलून खासगी करून घेता येते. म्हणून आरसीचा मागचा इतिहासही काढलाच पाहिजे.

हमीचे काय? जाहिरातीतली ‘आजीवन हमी’ बहुतेकदा पहिल्या नोंदणीकृत मालकापुरतीच असते. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की आठ-दहा वर्षे किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तिथे हमी संपते. शिवाय बॅटरी साधारण सत्तर टक्क्यांखाली घसरली तरच कंपनी ती बदलून देते. एकाहत्तर टक्क्यांची बॅटरी कंपनीच्या लेखी ठणठणीत असते.

आता सरकारकडे वळू. इलेक्ट्रिक गाड्यांसाठी महाराष्ट्राने हात सैल सोडला आहे आणि ते योग्यच आहे. 2025 च्या धोरणात अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. तीस लाखांवरच्या गाड्यांना सहा टक्के कर लावण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी मार्चमध्ये मागे घेतला गेला. पण हे सगळे लक्ष नव्या गाडीकडे. जुनी गाडी व्यापाऱ्याकडून घेतली तर डिसेंबर 2024 च्या जीएसटी परिषदेतल्या निर्णयाप्रमाणे त्याच्या नफ्यावर 18 टक्के कर पडतो. आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरून घेतात, विमा बघतात. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागत नाही, तेही बरोबर. मग तिच्या बॅटरीचा कागद कोण मागतो? नियमाने कोणीच नाही.

जगात याची सुरुवात झाली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2022 च्या जागतिक नियमाने कारच्या बॅटरीसाठी किमान पातळी ठरवली: पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरला 80 टक्के, आठ वर्षे किंवा 1 लाख 60 हजारांना 70 टक्के. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून वाहनांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होतो आहे. कॅलिफोर्नियाने 2026 च्या मॉडेलपासून बॅटरीचे आरोग्य चालकाला गाडीतच दिसले पाहिजे असा नियम केला. आपल्याला हे जड जाण्याचे कारण नाही. मोटारींची कसोटी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. मोजणीची एक पद्धत तिने ठरवून द्यावी आणि नाव बदलताना फॉर्म 29 सोबत बॅटरीचा अहवाल जोडणे सक्तीचे करावे. नवी असताना किती युनिट होती, आज किती भरतात, फास्ट चार्जिंग किती झाले, बॅटरी कधी उघडली वा बदलली गेली का: एका पानात मावेल एवढीच ही माहिती. कंपन्या म्हणतील, ती आमच्या मालकीची आहे. ज्याने गाडीचे पैसे मोजले त्याच्याच गाडीची माहिती त्याला न देण्याचा अधिकार कंपनीला नसावा. व्यापारी खर्चाची तक्रार करतील. पण चांगली बॅटरी असलेल्या गाडीला याच कागदामुळे भाव जास्त मिळेल.

नियम होईपर्यंत घेणाऱ्यानेच हट्ट धरावा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीचा छापील अहवाल मागावा आणि हमी आपल्या नावावर काय उरते ते ईमेलवर लेखी घ्यावे. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाला गतिरोधकांचे ओरखडे, पोचे आहेत का ते बघावे. शंभर टक्के भरून, घरची सगळी माणसे बसवून, एसी लावून निदान दीडशे किलोमीटर चालवावी आणि किती टक्के उतरले ते लिहून ठेवावे. विकणारा यातल्या कशालाही नाही म्हणाला, तर टोकन देऊ नये.