‘तुमचं काय, तुमचं तर तिथं सोपंच आहे’

अमरावतीचा किंवा अकोल्याचा एखादा ख्रिस्ती मुलगा शिकायला ब्रिटनला निघाला की शेजारीपाजारी, शिक्षक, मित्र सगळे एक वाक्य हमखास ऐकवतात : तुमचं काय बाप्पा, तुमचं तर तिथं सोपंच आहे. त्यामागचा हिशेब साधा असतो. देश ख्रिस्ती, मुलगा ख्रिस्ती. चर्च गल्लोगल्ली, नाताळाला देशभर सुट्टी, खाण्यापिण्याचं बंधन नाही, आणि नाव सॅम्युअल नाहीतर रूथ असल्यामुळे उच्चाराची कटकटही नाही. इथल्या आपल्या मराठी मंडळातही नकळत हाच हिशेब मांडला जातो. नवा विद्यार्थी ख्रिस्ती आहे असं कळलं की ‘त्याला त्याचं चर्च मिळेल’ म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते हा हिशेब उलटा आहे. वऱ्हाडातल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला परदेशात रुळायला धर्माचा आधार वाटतो तेवढा पुरत नाही. त्याला खरा हात देते ती त्याची मराठी. ती इथं ज्या ठिकाणी बोलली जाते ते ठिकाण म्हणजे आपलं मंडळ, म्हणून त्याला सामावून घेण्याची पहिली जबाबदारीही आपली.

आधी हा मुलगा येतो कुठून ते पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. त्यांतले पुष्कळसे मुंबई, वसई, पुणे, नगर या बाजूला. वऱ्हाडातली वस्ती विरळ, पण जुनी. अकोला हे अलायन्स मिशनचं जुनं केंद्र. १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीमला नाझरीन मंडळीचा रेनॉल्ड्स मेमोरियल दवाखाना, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांचा दवाखाना. यवतमाळला १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ चा. म्हणजे ‘ख्रिस्ती’ या एका शब्दाखाली अलायन्सवाले, नाझरीन, मेथडिस्ट, कॅथलिक असे किती तरी पंथ नांदतात आणि त्यांच्या रीती सारख्या नाहीत. तरी एक गोष्ट समाईक आहे. मिशनरी अमेरिकेचे असोत की युरोपचे, मंडळीतल्या लोकांची श्रद्धा मराठीतच रुजली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हातात ‘उपासना संगीत’, साथीला पेटी आणि तबला नाहीतर ढोलकी, आणि गाण्यांतली कित्येक रेव्हरंड ना. वा. टिळकांची, थेट अभंग-ओवीच्या वळणाची. डिसेंबर लागला की दारावर कागदी तारा टांगला जातो, करंज्या-चकल्या-अनारशांचे डबे भरतात. २५ तारखेला उपासना आटोपली की शेजारच्या हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांत फराळाची ताटं जातात आणि दिवसभर माणसांची ये-जा चालू राहते. या मुलाने ख्रिस्ती धर्म पाहिला तो असा, मराठीत आणि चारचौघांत.

आता तो ज्या ‘ख्रिस्ती देशात’ उतरतो त्याची अवस्था पाहा. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के निघाले आणि कोणताच धर्म नाही म्हणणारे ३७.२ टक्के. दहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती म्हणवणारे ५९.३ टक्के होते. त्यातही तरुणांत धर्माशी संबंध न ठेवणाऱ्यांचं प्रमाण अधिक. तेव्हा वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात ताटावर बसण्याआधी डोळे मिटणारा अकोल्याचा मुलगा त्याच्या इंग्रज सोबत्यांना आजीच्या काळातला वाटला तर नवल नाही. चर्चमध्ये गेला तर लोक प्रेमाने बोलतात, चहा-बिस्किट पुढे करतात आणि अगदी सद्भावनेने विचारतात, तू ख्रिस्ती कधी झालास? भारतीय म्हणजे हिंदू, तेव्हा हा नुकताच धर्मांतरित, असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. घरात चौथी पिढी ख्रिस्ती असलेल्या मुलाला हा प्रश्न गावाकडे हिंदू मित्रांकडून ऐकायची सवय असते. तो चर्चच्या दारातही भेटेल असं त्याला वाटलेलं नसतं. आणि नाताळ? वऱ्हाडातला नाताळ दार उघडं ठेवून होतो, इथला दार लावून. तो कुटुंबाचा दिवस. त्या दिवशी लंडनमध्ये भुयारी रेल्वे नाही की बस नाही, देशभरात गाड्या जवळपास ठप्प, दुकानं बंद आणि वसतिगृहं ओस. हिंदू विद्यार्थ्याची दिवाळी सत्राच्या मध्यावर येते आणि आपण ती जोरात साजरी करतो. ख्रिस्ती विद्यार्थ्याचा सगळ्यांत मोठा सण मात्र वर्षातल्या सगळ्यांत सुनसान दिवशी येतो.

धर्म सारखा असला म्हणजे माणूस रुळतोच असं नाही, याला जवळजवळ दीड शतकापूर्वीचा मराठी दाखला आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने तो बेत राहिला. त्याच वर्षी वाँटेजच्या मठवासिनींकडे असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या. त्यांचा त्या काळातला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. तो वाचताना जाणवतं की त्यांच्या अडचणी खऱ्या अर्थाने सुरू झाल्या त्या बाप्तिस्म्यानंतर. शाकाहार सोडायला त्या तयार नव्हत्या आणि भगिनींना तो जुन्या धर्माचा अवशेष वाटे. गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, असा त्यांचा सवाल होता. एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, ही त्यांची भूमिका. ज्यांनी त्यांना मुलीसारखं मानलं त्यांच्याशीच हे वाद झडले, आणि श्रद्धा तर दोन्हीकडे एकच होती. रमाबाई इंग्लिश होऊन रुळल्या नाहीत. त्या आपलं खाणं, आपली भाषा, आपला विचार घट्ट धरून राहिल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या लोकजीवनावर १८८९ मध्ये पुस्तक काढलं तेही मराठीत. उत्तरायुष्यात त्यांनी बायबलचा मराठी अनुवाद मूळ भाषांवरून केला. वऱ्हाडात काम केलेल्या जेनी फुलर यांच्या १९०० सालच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकाला प्रस्तावना त्यांचीच आहे. परदेशातल्या ख्रिस्ती जगाशी त्यांचं नातं टिकलं ते स्वतःचं मराठीपण न सोडता.

इथं कुणी म्हणेल, मग भारतीय ख्रिस्ती लोकांनी स्वतःची सोय करावी, मल्याळी लोकांनी केलीच आहे. केलीच आहे, आणि म्हणून तर फरक डोळ्यांत भरतो. सिरो-मलबार कॅथलिकांचा शिकागोचा धर्मप्रांत २००१ चा, मेलबर्नचा २०१३ चा, आणि ब्रिटनसाठी प्रेस्टनचा २०१६ चा. कोट्टायमच्या मुलीला इथं मल्याळममधून मिस्सा मिळते, ओणमचं जेवण मिळतं, आणि दोन्हीकडे बहुधा तीच माणसं भेटतात. अमरावतीच्या मुलीसाठी अशी मराठी धर्मव्यवस्था नाही, आणि एवढ्या थोड्या संख्येवर ती उभी राहणंही कठीण. इंग्रजी किंवा हिंदी प्रार्थनासभा तिला भेटतील, त्यांचा आधारही होईल. पण लहानपणापासून जी प्रभूची प्रार्थना मराठीत म्हटली ती दुसऱ्या भाषेत म्हणताना अर्थ पोचतो आणि लय हरवते, हे मातृभाषेत ज्याने काहीही पाठ केलं आहे त्याला समजावून सांगायला नको. केरळच्या मुलीला जे चर्च पुरवतं ते वऱ्हाडच्या मुलीला पुरवू शकेल अशी एकच मराठी जागा इथं आहे, ती म्हणजे मंडळ.

यावर मंडळातून येणारा पहिला आक्षेप असा, की आपलं दार सर्वांना उघडं आहे, कुणी अडवलंय? अडवलं कुणी नाही, हे खरं. पण वर्षाचं कॅलेंडर काढून पाहा : संक्रांतीचं हळदीकुंकू, पाडवा, गणपती, कोजागिरी, दिवाळी. यांतला एकही कार्यक्रम कमी करावा असं माझं म्हणणं नाही. मात्र ‘गणपती आमच्यासाठी सांस्कृतिक आहे’ असं म्हणून प्रश्न सुटत नाही. जो मनापासून हात जोडतो त्याच्यासाठी ती पूजा आहे, आणि तिला नुसती संस्कृती म्हणणं हा त्याच्यावरही अन्याय आहे. शिवाय मराठी संस्कृतीचा जो भाग ख्रिस्ती मंडळींनी घडवला तो आपण घेतो आणि कुणाकडून घेतला ते विसरतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी वाचकाच्या कपाटात असतात, त्यांतली भांडणं आणि विनोद आपण चवीने सांगतो. पण हे ख्रिस्ती घराचं पुस्तक आहे, आणि अशा घरातलं माणूस कदाचित आपल्याच सभागृहात शेवटच्या रांगेत बसलेलं आहे, हे ध्यानात येत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काही संघटनांनी त्यांच्या निवडीला विरोध केला होता. मराठीत आयुष्यभर लिहिलेल्या माणसालाही आपण मराठी असल्याचं सिद्ध करावं लागत असेल, तर बावीस वर्षांचा विद्यार्थी उघड्या दाराबाहेर थोडा घुटमळला तर त्याला दोष देता येत नाही. त्यात तो वऱ्हाडी. ‘काय करून राह्यला?’ असं विचारल्यावर आजूबाजूला हसू उमटतं. भोळंभाबडं असलं तरी ते हसू त्याला कळतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : धर्माचा विषय काढला तर मंडळात फूट पडेल, कुणी धर्मप्रचाराचा संशय घेईल, आणि चार-दोन मुलांसाठी एवढा खटाटोप कशाला? धर्माचा विषय मंडळात आधीपासूनच आहे, आपण आरतीने सुरुवात करतो. तिने आजवर कुणाचं धर्मांतर झालेलं नाही. टिळकांची भजनं डिसेंबरात ऐकली म्हणूनही होणार नाही. संख्येबद्दल म्हणाल, तर थोडे आहेत म्हणूनच त्यांना गरज जास्त. आणखी एक बाब लक्षात घ्यावी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. त्यामुळे अकोल्यातल्या एकाच वस्तीतली, एकाच मूळ जातीतली दोन मुलं घ्या. बौद्ध घरातल्या मुलाला राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो, ख्रिस्ती घरातल्या मुलाला येत नाही. मेळघाटातल्या ख्रिस्ती कोरकू मुलाचा अनुसूचित जमातीचा दर्जा मात्र धर्मामुळे जात नाही. ‘यांना मिशनकडून पैसा येतो’ हा समज ज्यांच्या मनात आहे त्यांनी हा कायदा जरूर पाहावा. यांतली पुष्कळ मुलं बँकेचं कर्ज काढून आलेली असतात, आणि खोली, अर्धवेळ काम, ओळखीपाळखी यांसाठी त्यांना आपली गरज इतरांइतकीच, कधी जास्तच असते.

तिसरा आक्षेप थेट त्यांच्यावरच आहे : तेच दूर राहतात, प्रसाद घेत नाहीत, आरतीला उभे राहत नाहीत. यात तथ्य आहे आणि ते झाकून उपयोग नाही. काही मंडळ्यांत पाळक तशी शिकवण देतात. पण हा प्रश्न करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राइतका जुना आहे. समोर वाढलेलं चौकशी न करता खावं, पण ते नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर इतरांच्या सद्सद्विवेकाखातर टाळावं, असा त्यात पौलाचा सल्ला आहे. म्हणजे एकाने प्रसाद नाकारला आणि दुसऱ्याने घेतला तरी दोघेही प्रामाणिक असू शकतात. नाकारणं हा अपमान नाही, हे आपण समजून घ्यावं. विद्यार्थ्यानेही समजावं की आरती टाळणं वेगळं आणि माणसं टाळणं वेगळं. इथं ना. वा. टिळकांचा कित्ता गिरवण्याजोगा आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला आणि तो बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना खुला ठेवला. आपल्या श्रद्धेत तसूभर तडजोड न करता मराठी माणसांत मिसळता येतं, हे त्यांनी करून दाखवलं आहे.

मागणं मोठं नाही. गणपतीच्या पत्रिकेत आरतीची वेळ वेगळी आणि जेवण-कार्यक्रमाची वेळ वेगळी छापावी, म्हणजे ज्याला नंतर यायचं त्याला संकोच न करता येता येईल. सप्टेंबरच्या विद्यार्थी स्वागत मेळाव्यात नाव डेव्हिड आणि आडनाव गायकवाड ऐकून ‘हे कसं काय?’ असं विचारू नये. नाताळनंतरच्या आठवड्यात गाड्या सुरू झाल्या की एका संध्याकाळी मराठी भजनांचा आणि फराळाचा कार्यक्रम ठेवावा, आणि त्याची आखणी त्या विद्यार्थ्यांकडेच सोपवावी, कारण पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस पाहुणाच राहतो आणि काम अंगावर घेतलेला माणूस घरचा होतो. २५ तारखेला मात्र कार्यक्रम नको, माणसं हवीत. ज्यांच्याकडे गाडी आहे अशा दहा-बारा घरांनी नावं नोंदवली, तर त्या दिवशी वसतिगृहात अडकलेल्या मुलांना जेवायला घरी नेता येईल. ही यादी करायला कार्यकारिणीची एक बैठक पुरे, आणि ती नोव्हेंबर संपायच्या आत व्हायला हवी.