पत्रिका बोलत नाही, आपणच बोलतो
ज्योतिषी आधी भविष्य सांगत नाही, विश्वास कमावतो. 'घरात कुणाचं तरी दुखणं आहे,' म्हणतो. वस्तीतल्या कुठल्या घरात ते नसतं? समोरची बाई मान हलवते आणि नवऱ्याचं आजारपण, पोराची गेलेली नोकरी, सगळं ओतून मोकळी होते. अर्ध्या तासाने तेच तिला शनीच्या नावाने परत मिळतं. मग मला सांगते, 'ताई, न सांगता ओळखलं त्यांनी!'

2008 साली डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी पुण्यात चाचणी घेतली. प्रत्येक ज्योतिषाला 40 कुंडल्या. कोणती हुशार मुलाची, कोणती मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं. 27 जणांची उत्तरं आली, सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. समोर बोलणारं माणूस नव्हतं ना!

मला राग आपल्याच लोकांचा जास्त येतो. ग्रह-नक्षत्रांची भाकितं करून पोट भरण्याला 'ब्रह्मजाल सुत्त' हीन विद्या म्हणतं. आणि आपण दीक्षाभूमीवरून येऊन गुपचूप पत्रिका दाखवतो. परवा एका मुलीचं ठरलेलं लग्न मंगळामुळे मोडलं. बी.एड. झालेली पोरगी घराबाहेर पडत नाही. वडिलांना विचारलं, मुलाकडचे कोण? खाली बघत म्हणाले, 'जयभीमवालेच आहेत.'