नारिंगी शिंगांची बाराखडी

दोस्तांनो, डबा ऐसपैस खेळताना तुम्ही ओरडता, "टाइम प्लीज! राज्य कुणावर आहे? आणि हा कच्चा लिंबू आहे बरं का!" आता हेच वाक्य एखाद्या परग्रहावरच्या पाहुण्याला ऐकवा. तो बिचारा घड्याळ दाखवेल, राजा शोधायला निघेल आणि सरबतासाठी साखर मागेल!

प्रत्येक टोळीची आपली एक भाषा असते. आतल्यांना ती सोपी, बाहेरच्यांना कोडं. आज आपणच असे पाहुणे होऊन एका टोळीत शिरूया. ही टोळी आहे 'होमस्टक' या अमेरिकन चित्रकथेच्या चाहत्यांची. ही चित्रकथा कागदावर नाही, इंटरनेटवर आली. अँड्रू हसी यांनी ती १३ एप्रिल २००९ रोजी सुरू केली आणि बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ रोजी संपवली. पानं किती? आठ हजारांहून जास्त! मध्येमध्ये हलती चित्रं, संगीत आणि चक्क खेळसुद्धा. पात्रांनी पुढे काय करायचं, ते सुरुवातीला वाचकच सुचवायचे. पण सूचनांचा असा पूर आला की पुढे ती पद्धत बंद करावी लागली.

गोष्ट थोडक्यात सांगतो ('थोडक्यात' म्हटल्यावर चाहते पोट धरून हसतील). जॉनचा तेरावा वाढदिवस असतो. तो आणि त्याचे दोस्त रोझ, डेव्ह नि जेड कॉम्प्युटरवर एक खेळ सुरू करतात आणि त्या खेळापायी पृथ्वीवर उल्का कोसळू लागतात. (आई "कॉम्प्युटर बंद कर" असं का ओरडते, ते कळलं?) मग त्यांची गाठ पडते बारा ट्रोलांशी. राखाडी कातडी, डोक्यावर नारिंगी शिंगं, राहणार अल्टर्निया ग्रह. बारा राशींचे बारा जण.

तर आता वही उघडा.

नावं : इथे आपण मराठी मुलं एक पाऊल पुढे आहोत! कर्क राशीचा कारकॅट, वृश्चिक राशीची व्रिस्का, कन्या राशीची कनाया. संस्कृतात खेकड्याला 'कर्कट' म्हणतात, आणि विंचवाला 'वृश्चिक'. आहे की नाही ओळखीचा मामला?

स्वीप : ट्रोलांचं वर्ष. आपली दोन वर्षं नि साधारण दोन महिने म्हणजे त्यांचा एक स्वीप. ट्रोल पहिल्यांदा भेटतात तेव्हा ते सहा स्वीपचे असतात. म्हणजे किती वर्षांचे? करा गुणाकार. हो, तेरा!

लुसस : ट्रोलांना आईबाबा नसतात, त्यांना एकेक प्राणी सांभाळतो. तो लुसस. कारकॅटचा लुसस खेकड्यासारखा आहे. अभ्यासाला बसवण्यासाठी नुसत्या नांग्या उगारल्या की काम झालं!

सिलॅडेक्स : सामान ठेवायची जादूची जागा. पण जॉनच्या सिलॅडेक्समध्ये वरची वस्तू काढल्याशिवाय खालची निघत नाही, आणि जागा भरली की नवी वस्तू ठेवताना जुनी बाहेर फेकली जाते. तुमच्या दप्तराची आठवण झाली ना?

८ : प्रत्येक ट्रोलची लिहिण्याची खोड वेगळी. कारकॅट सगळं कॅपिटल अक्षरांत लिहितो, म्हणजे सतत ओरडतो. (देवनागरीत कॅपिटल नाहीत, वाचलो!) व्रिस्काला आठाचं वेड. इंग्रजी शब्दात 'एट' ऐकू आलं की तिथे ती ८ घुसवते. म्हणून नवं पान आलं की चाहते 'अपडेट' न लिहिता 'अपड्८' लिहायचे. व्रिस्का मराठी शाळेत असती, तर तिने लिहिलं असतं, "बाई, मागच्या ८वड्याचा गृहपाठ ८वत नाही." आणि बाईंनी गुण दिले असते बरोब्बर ८. शंभरपैकी!

गिगापॉज : ऑक्टोबर २०१३ ते ऑक्टोबर २०१४. या वर्षभरात एकही नवं पान आलं नाही! चाहत्यांनी त्या सुट्टीलाच नाव देऊन टाकलं. पुढच्या रविवारपर्यंतही दम न धरणाऱ्यांनो, बघा जरा.

मोइरेल : ट्रोल भारी तापट. म्हणून ज्याला-त्याला एक खास दोस्त लागतो. तुम्ही भडकलात की तो तुम्हाला आवरतो, श्श श्श करत गालावर हलकेच थापट्या मारतो. आपली आजी "उगी, उगी" करते, तेच! तुमचा मोइरेल कोण, विचार करा.

राखाडी : हा शेवटचा शब्द जरा सावकाश वाचा. चाहत्यांच्या मेळाव्यात मुलं-मुली तोंडाला नि हातांना राखाडी रंग फासून, कागदी शिंगं लावून ट्रोल होऊन यायची. रंगावर नीट पावडर मारली नाही, तर दारं, खुर्च्या, मित्रांचे शर्ट, सगळं राखाडी! त्यावर विनोद पुष्कळ झाले. बाहेरचा म्हणणार, "काय हा येडेपणा!"

पण गोष्टीत आणखी एक राखाडी आहे. अल्टर्नियावर रक्ताच्या रंगावरून माणसाची, म्हणजे ट्रोलची, पायरी ठरते. तपकिरी-तांबूस रक्त सगळ्यात खाली, गडद गुलाबी सगळ्यात वर. जन्माने मिळाली ती पायरी कायमची. ट्रोल आपापल्या रक्ताच्या रंगातच अक्षरं लिहितात. एकटा कारकॅट लिहितो राखाडी अक्षरांत. का? त्याच्या रक्ताचा रंग त्या उतरंडीत कुठेच बसत नाही. कळलं तर जिवावर बेतेल. म्हणून तो लपवतो, आणि भीती दिसू नये म्हणून ओरडतो. त्याचं रक्त असतं लालभडक. तुमच्याआमच्यासारखं!

जन्मावरून पायऱ्या लावण्याचा हा प्रकार काही फक्त अल्टर्नियावरच चालत नाही, हे तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकाने शिकवलंच आहे. आपण वेगळे आहोत, हे कळलं तर मित्र हसतील, ही धास्ती तेराव्या वर्षी पुष्कळांना असते. कारकॅटवर इतक्या मुलांचा जीव का जडला, याचं उत्तर मला तरी इथे सापडतं.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. या चित्रकथेत शिव्या आहेत, मारामारी-रक्तपातही आहे. तेव्हा ती लहानग्यांसाठी नाही, मोठ्या मुलांनी वाचली तर सोबत तुम्हीही वाचा. पण घरात कुणी असंच काही अगम्य बोलू लागलं, मग ते होमस्टक असो की दुसरं काही, तर "बंद कर ही बडबड" म्हणण्याआधी एकदा विचारा, "हा राखाडी का रे?" उत्तराला अर्धा तास लागेल. लागू द्या.

आणि दोस्तांनो, तुमच्या टोळीची भाषा न येणारा कुणी उद्या मैदानाच्या कडेला उभा दिसला, तर त्याला हसू नका. कच्चा लिंबू म्हणून का होईना, खेळायला घ्या. चार दिवसांत तोच ओरडेल, "टाइम प्लीज!"