आकाशपाळणा थोर कीं गोष्ट?

सुटी संपून शाळा भरली म्हणजे पहिले दोन दिवस वर्गांत प्रवासवर्णनांना ऊत येतो. कोणी मामाच्या गांवाला जाऊन आलेला असतो, तर कोणी करमणुकीच्या एखाद्या मोठ्या उद्यानांत, ज्यास हल्लीं थीम पार्क म्हणतात. अशा उद्यानाचें वर्णन करतांना आमचे विद्यार्थी बहुधा एकच माप लावतात: पाळणा किती उंच गेला, गाडी किती वेगानें खालीं आली, आणि कोण किती मोठ्यानें ओरडलें. तिकिटाचे पैसे वसूल झाले कीं नाहीं, हें पालकहि याच मापानें ठरवितात. आमच्या मतें हें माप अपुरें आहे. उद्यानाची खरी किंमत तेथील पाळण्याच्या उंचीवर नसून तेथें सांगितलेल्या गोष्टीवर अवलंबून असते. आणि ती गोष्ट कोणती, हें पाहणें आपणां सर्वांचें कर्तव्य आहे.

हा विचार नवा नाहीं. न्यूयॉर्क शहरांत कोनी आयलंड म्हणून समुद्रकांठचें ठिकाण आहे. तेथें १८८४ सालीं लामार्कस टॉम्पसन या गृहस्थानें रुळांवरून चढउतार करीत जाणारी गाडी सुरू केली. भाडें पांच सेंट आणि वेग ताशीं सुमारें सहा मैल. आज सायकलवरचा मुलगाहि तिला सहज मागें टाकील. पण त्या वेळीं लोकांची तिजवर झुंबड उडाली. पुढें १८८७ सालीं याच टॉम्पसननें अटलांटिक सिटी येथें दुसरी गाडी चालू केली, तेव्हां तिच्या मार्गावर बोगदे करून त्यांत रंगविलेले देखावे मांडले. नुसत्या चढउताराचा नवलावा फार दिवस टिकत नाहीं, हें त्यानें ओळखलें असावें. १९०१ सालीं बफलो येथील प्रदर्शनांत फ्रेडरिक टॉम्पसन (आडनांव तेंच, पण माणूस निराळा) यानें 'चंद्रलोकची सफर' हा खेळ मांडला. पंख हलविणाऱ्या विमानांत बसून प्रेक्षक चंद्रावर 'उतरत' आणि तेथील रहिवाशांस भेटत. विमान खरोखर कोठेंच जात नसे. जात असे तें प्रेक्षकाचें मन.

या विचाराचें उत्तम फळ पाहावयाचें असेल तर आपण हॉलंड देशांत जाऊं. तेथें काट्सह्यूवल गांवाजवळ एफ्टेलिंग नांवाचें उद्यान आहे. त्यांतील 'परीकथांचें वन' १९५२ सालीं खुलें झालें. चित्रें काढलीं आंतोन पीक या प्रसिद्ध चित्रकारानें, आणि त्या चित्रांना हालचाल व आवाज दिला पीटर रेनडर्स यानें. आरंभीं अवघ्या दहा गोष्टी होत्या. झाडींतून पायवाटेनें चालत जावें, तों एका वळणावर झोंपीं गेलेली राजकन्या श्वास घेतांना दिसावी, दुसऱ्या वळणावर लांब मानेचा सेवक मान उंच करून पाहतांना भेटावा, असा तेथील थाट. येथें कोणी कोणास गरगर फिरवीत नाहीं. तरी त्या वनांत लहान मुलें आजहि आईबापांचा हात धरून तासन् तास रमतात.

त्याच वनांतील एक पात्र आम्हांस विशेष आवडतें. डच बालगीतांत होले बोले खेइस नांवाचा एक खादाड आहे. १९५९ पासून त्याची मूर्ति एफ्टेलिंगमध्यें तोंड उघडून बसलेली आहे. "कागद इकडे!" असें ती ओरडते, मुलानें कागदाचा तुकडा पुढें धरला कीं तो आंत ओढून घेते, आणि लगेच आभार मानते. मुलें कचरा शोधीत फिरतात! 'येथें कचरा टाकूं नये' अशा शंभर पाट्यांनीं जें साधलें नसतें, तें एका भुकेल्या पात्रानें साधलें. शिक्षकांनीं व पालकांनीं या मूर्तीपुढें क्षणभर थांबून विचार करावा असें आम्हांस वाटतें. आज्ञा कानावरून जाते. गोष्ट मुलास कामाला लावते.

येथें एखादा विद्यार्थी म्हणेल, "गुरुजी, पण भीतीचीहि मजा असते!" असते, हें आम्हांस मान्य आहे. एफ्टेलिंगमध्येंहि १९८१ सालीं 'पायथन' नांवाची उलटीसुलटी फिरणारी गाडी आली. आपल्या खोपोलीजवळ २०१३ सालीं इमॅजिका उद्यान सुरू झालें, त्यांतहि 'नायट्रो' ही वेगवान गाडी आणि 'मिस्टर इंडिया' चित्रपटावर आधारलेला खेळ, असे दोन्ही प्रकार ठेवलेले होते. धाडसास आमचा विरोध नाहीं. परंतु नुसत्या भीतीला दोन उणीवा आहेत. एक, ती लौकर बोथट होते. यंदा शंभर फुटांनीं समाधान झालें तर पुढल्या वर्षीं दीडशें लागतात. दुसरी, ती कुटुंबाची फाळणी करते. धाकटी बहीण उंचीच्या खुणेस पोंचत नाहीं, आजीचें हृदय अशक्त असतें. त्या दोघी बांकावर पिशव्या राखीत बसतात. गोष्टीच्या वाटेवर मात्र आजी, आई आणि बाळ तिघेंहि बरोबर चालूं शकतात.

मात्र गोष्टीची ही शक्ति पाहून डोळे मिटून तिच्या मागें जाऊं नये. अमेरिकेंतील अनाहाइम येथील डिस्नेलँडमध्यें १९८९ सालीं 'स्प्लॅश माउंटन' हा खेळ सुरू झाला. ओंडक्याच्या होडींतून शेवटीं उंचावरून पाण्यांत झेप, असा तो प्रकार. त्यांतील पात्रें १९४६ सालच्या एका चित्रपटांतून घेतलेलीं होतीं. गुलामगिरी भोगलेल्या कृष्णवर्णीय लोकांचें जिणें त्या चित्रपटानें गोड व सुखाचें करून दाखविलें, असा आक्षेप फार जुना होता. अखेर २०२३ सालीं तो खेळ बंद झाला, आणि २०२४ सालीं टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येच्या कथेवर तो नव्यानें उघडला. वाचकांनीं लक्षांत घ्यावें, कीं होडी तीच राहिली, पाणी तेंच राहिलें, झेपहि तीच राहिली. बदलली ती केवळ गोष्ट. उंचीविषयीं कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या माणसाचा मान राखणारी गोष्ट आपल्या मुलांस सांगितली जाते कीं नाहीं, हा खरा प्रश्न होता. शिवाय, बाहेर पडण्याची वाट पुष्कळदां दुकानांतून जाते, आणि आंत भेटलेलें लाडकें पात्र तेथें टोपीवर व पेल्यावर विकावयास मांडलेलें असतें, हेंहि पालकांनीं विसरूं नये.

तर मग करावें काय? उद्यानें टाळावीं असें आम्ही म्हणत नाहीं. जाण्यापूर्वीं तेथील गोष्ट घरीं मुलांस सांगावी अथवा वाचावयास द्यावी. कारण ज्यास गोष्ट ठाऊक नाहीं, त्यास राजकन्याहि केवळ एक बाहुली दिसते. परत आल्यावर "किती उंच गेलास?" एवढ्यावर न थांबतां "तेथें कोण भेटलें? तें कसें वागलें? तूं त्याच्या जागीं असतास तर काय केलें असतेंस?" असेंहि विचारावें. आणि ज्या घरीं तिकिटाइतका पैसा नाहीं, त्या घरच्या मुलांनीं खंत करूं नये. पंचतंत्रांतलें अरण्य किंवा इसापाचा कोल्हा पाहावयास तिकीट लागत नाहीं. शाळेच्या ग्रंथालयाचें दार उघडें आहे, आणि आजीजवळ गोष्टींचा सांठा आहे. मोठमोठ्या उद्यानांनीं अपार द्रव्य खर्चून जें उभें केलें, त्याचें बीज याच दोन ठिकाणीं मिळतें. तें आधीं मनांत रुजवावें, म्हणजे उद्यान कोठलेंहि असो, तें खऱ्या अर्थानें पाहतां येईल.