सभासदाच्या घरी कंपनीचा शेअर

सोलापूर जिल्ह्यातल्या ऊसवाल्या घरांना सहकारी कारखान्याचा भाग ठाऊक असतो. तिथे सभासद एक, मत एक. त्या भागाचा भाव रोज हलत नाही. कंपनीचा शेअर वेगळा. जितके शेअर तितकी मते, आणि भाव बाजार ठरवतो. सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी 2016 साली शेअर बाजारात आली. जिल्ह्यातल्या वळसंग गावच्या तरुणालाही डीमॅट खाते उघडून तिचा भागधारक होता येते. पण आधी कंपनीचा ताळेबंद, कर्ज आणि नफा वाचा. पेरणीचा, पीककर्जाचा पैसा यात अजिबात घालू नका. ‘हमखास दुप्पट’ म्हणणारा भेटला, तर त्याची नोंदणी शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या संकेतस्थळावर तपासा. या अंकात ताळेबंद ओळीओळीने उलगडला आहे.