दगडाचा भास आणि दरजांचा हिशोब

इंग्लंडमधील विंडसर किल्ल्यात राणी मेरी यांचे बाहुलीघर जतन करून ठेवलेले आहे. १९२१ ते १९२४ या काळात ते तयार झाले. त्याचा आराखडा सर एडविन लटियन्स यांचा, म्हणजे त्याच सुमारास नवी दिल्लीची भव्य सरकारी भवने वालुकाश्मात उभी करणाऱ्या वास्तुविशारदाचा. एका फुटाला एक इंच, म्हणजेच १:१२, या प्रमाणात घडविलेल्या या घरात नळाला पाणी येते, विजेचे दिवे लागतात आणि उद्वाहकही चालतात. १९२४ साली वेम्बली येथील प्रदर्शनात ते लोकांसमोर मांडले गेले. त्याच्या दर्शनी भिंती पोर्टलंड दगडाच्या भासतात; प्रत्यक्षात ते कोरलेले आणि रंगविलेले लाकूड आहे. आतील दालने दिसावीत म्हणून हे बाह्य कवच वर उचलण्याची सोय केलेली आहे. दगडी कवच असे उचलणे किती अवघड झाले असते, हे सांगावयास नको.

वजनाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी बाहुलीघराला खरा दगड सहसा शोभत नाही. दगडाचा आकार छिन्नीने लहान करता येतो, त्याचा कण मात्र लहान होत नाही. १:१२ प्रमाणाच्या भिंतीवर एक मिलिमीटरचा वाळूचा कण बारा मिलिमीटरच्या खडीएवढा वाटतो. खऱ्या बांधकामातील दहा मिलिमीटरची दरज येथे एक मिलिमीटरहूनही बारीक असावी लागते. म्हणून लघुरूपात खरा दगड खोटा दिसतो, आणि प्रमाण सांभाळून केलेली पुट्टीची भिंत खरी वाटते. या कलेत द्रव्यापेक्षा प्रमाणाचे मोल अधिक आहे.

प्रमाणानंतर क्रम येतो तो भाराचा. दगडी भिंत वरचे ओझे खाली पोहोचवीत असते आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याला ते नकळत जाणवत असते. त्यामुळे हौशी कारागिराने रंगाच्या डबीला हात लावण्यापूर्वी गवंड्याचे नियम समजून घ्यावेत. एका थरातील उभी दरज वरच्या थरातील उभ्या दरजेच्या रेषेत येऊ नये. गवंडी याला सांधेमोड म्हणतात. मोठे दगड खाली, लहान वर. कोपऱ्यावर एक लांब आणि एक आखूड असे दगड आलटून पालटून बसवावेत, आणि कोपऱ्याचा प्रत्येक दगड दोन्ही बाजूंनी दिसावा. खिडकीच्या माथ्यावर एक सलग आडवा दगड किंवा कमान हवी. कमानीच्या मध्यभागी कळीचा दगड हवा. खिडकीवर दगडांचे थर निराधार लोंबकळत असतील, तर कितीही सुरेख रंगकाम त्या भिंतीला वाचवू शकत नाही. महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या वाड्याची प्रतिकृती करावयाची झाल्यास आणखी एक भान हवे. अशा वाड्यांत दगड बहुधा जोत्यापुरता किंवा तळमजल्यापुरता असे, वर वीट आणि लाकूड येई. दगड कोठे थांबतो, हे कळणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

आता साधनांकडे वळू. जुन्या काळी युरोप-अमेरिकेत कारखान्यात तयार होणाऱ्या बाहुलीघरांवर दगड-विटांचे छापील कागद चिकटवीत. हा मार्ग स्वस्त आणि झटपट असला, तरी कागदाला उंचसखलपणा नसतो, म्हणून त्यावर सावली पडत नाही. सावली नाही तर दगड नाही. पाश्चात्त्य हौशी मंडळी यावर उपाय म्हणून अंड्यांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्याचे दगड करतात. आपल्या घरांत ती खोकी येण्याचा प्रश्नच नाही. परंतु सफरचंदाच्या पेटीतून येणारे कागदी लगद्याचे ट्रे याच कामाला उत्तम येतात आणि फळवाल्याकडे ते सहज मिळतात. या पुठ्ठ्याचा पृष्ठभाग मुळातच खरबरीत असतो. त्याचे लहानमोठे तुकडे कापावेत, कोपरे किंचित गोल करावेत आणि पांढऱ्या गोंदाने एक एक तुकडा थराने बसवावा. पूर्वीचे सुतार प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेला सरस वापरीत. आजचा पांढरा गोंद कृत्रिम राळेचा असतो. कुंचलाही नायलॉनच्या तंतूंचा घेतला की काम निर्वेध होते.

घडीव दगडांच्या भिंतीसाठी पुट्टीची रीत अधिक सोयीची. प्लायला आधी दोन्ही बाजूंनी प्रायमर लावावा. एकाच बाजूला ओला थर बसला, तर पातळ प्लाय वाकतो. पुट्टीत थोडा पांढरा गोंद मिसळून दोन ते तीन मिलिमीटर जाडीचा थर द्यावा. थर अर्धवट वाळला, म्हणजे बोटाला चिकटेनासा झाला पण नखाची खूण घेऊ लागला, की पट्टी धरून आडव्या दरजा आणि मग सांधेमोड सांभाळून उभ्या दरजा कोराव्यात. चुरगाळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा गोळा हलकेच दाबला, की पृष्ठभागावर छिन्नीचे घाव उमटल्यासारखे दिसतात. पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवावयाचा असेल, तर नाकावर मास्क बांधावा. ती धूळ छातीला चांगली नव्हे. काही जण घट्ट फोमच्या पत्र्यावर दरजा कोरतात. तेही चालते, मात्र रंग पाण्यातलाच हवा. फवाऱ्याच्या डबीतील द्रावणाने फोम विरघळतो आणि दिवसाचे काम क्षणात वाया जाते.

रंगाच्या बाबतीत एकच पथ्य आहे: दगडाला एक रंग नसतो. प्रथम सर्व भिंतीला मध्यम छटा द्यावी. मग दहा दगडांतील दोन-तीन निवडून ते किंचित गडद, किंचित पिवळसर किंवा किंचित निळसर करावेत. त्यानंतर अगदी पातळ केलेला काळपट तपकिरी रंग भिंतीवरून फिरवावा आणि लगेच फडक्याने टिपावा. दगडांवरचा निघून जातो, दरजांतला राहतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग केवळ कडांवरून ओढावा. खिडकीच्या कठड्याखाली ओघळ, जोत्याशी ओलीची हिरवट झाक, आणि अखेरीस चमक नसलेले वॉर्निश. सह्याद्रीचा काळा पाषाण हवा असेल, तर काळा रंग सरळ वापरू नये. गडद करड्यात निळसर आणि तांबूस छटा मिसळाव्यात.

व्यवहारी वाचकांसाठी थोडा हिशोब. २४ इंच रुंद आणि ३० इंच उंच भिंतीचे क्षेत्रफळ ७२० चौरस इंच. दारे-खिडक्यांसाठी पाचवा भाग वजा केला, तर ५७६ उरतात. एक इंच लांब आणि पाऊण इंच उंच असा दगड धरला, तर ७६८ दगड लागतात. एकेका दगडाला एक मिनिट म्हटले, तरी जवळजवळ तेरा तास झाले, आणि ही एकच भिंत. द्रव्य रद्दीच्या भावाचे. भांडवल आहे ते वेळेचे आणि धीराचे. सुट्टीत घरातील आजोबा-नातवंडांनी मिळून रोज पन्नास दगड बसविले, तर ही भिंत सोळा दिवसांत पुरी होते.

येथे एक प्रश्न उरतोच. लाकडाला दगड म्हणून दाखविणे ही फसवणूक नव्हे काय? अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन येथील खरेखुरे राहते घर या बाबतीत पाहण्यासारखे आहे. ते लाकडी आहे. फळ्यांच्या कडा उतरत्या कापून त्यांना दगडी चिऱ्यांचा आकार दिला आणि रंग ओला असतानाच त्यावर बारीक वाळू उडविली. रीत बाहुलीघराचीच, फक्त माप माणसाचे. हा भास निर्मितीच्या जागी सौंदर्य आहे. तोच भास विक्रीच्या कागदावर उतरला, तर मात्र लबाडी होते. बाहुलीघरे घडवून विकणाऱ्याने ग्राहकाचा डोळा खुशाल रिझवावा, पण पावतीवर प्लाय, पुट्टी आणि रंग असेच लिहावे. पेढीवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही: मालाची जात लपवून घेतलेला दाम खात्यावर जमा दिसतो, परंतु पत खर्ची पडते.

भिंत पुरी झाल्यावर तिची परीक्षा वरून पाहून करू नये. घर टेबलावर ठेवावे, दृष्टी त्याच्या दाराच्या पातळीवर आणावी आणि एका बाजूने दिवा धरावा. प्रत्येक दरजेत बारीक सावली उतरली, आणि दारात दोन इंचांचे मूल उभे आहे असे क्षणभर वाटून गेले, की कारागिराने हात धुवावयास हरकत नाही.