चुका कोण मोजणार?

दिवाळीच्या दिवसांत कोणाशी वाद घालू नये, असे आमच्या घरचे शास्त्र आहे. हातात चकली असताना माणसाने गोड बोलावे, हे मलाही मान्य आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात भुकूमला जे घडले ते पोटात ठेवून मला फराळ पचणार नाही. म्हणून वाचकांची क्षमा मागून तो वाद त्यांच्या दारात आणून ठेवतो.

पौड रस्त्याने भूगाव मागे टाकले की आमचे भुकूम लागते. एके काळच्या भातखाचरांवर आता बंगले उभे आहेत. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते आणि एप्रिलात टँकरची वाट पाहावी लागते. आमच्या वसाहतीचे बोअर आटले, तेव्हा शेजाऱ्यांनी पाणाड्याला बोलावले. शेजारी कोण म्हणाल, तर एक अभियंता, एक डॉक्टर आणि बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी. पाणाड्या मोठा सालस माणूस. त्याने तळहातावर नारळ आडवा धरून आवारात दोन फेऱ्या घातल्या. आंब्याखाली येताच नारळ उभा राहिला, आणि तेथे २६० फुटांवर पाणी लागले. अभियंता माझ्याकडे वळून म्हणाले, "काय सर, आता बोला!"

मी बोललो. कुंपणापलीकडच्या बंगल्याने नारळाशिवाय बोअर घेतले होते. बोअरची गाडी जेथवर जाऊ शकली तेथेच खोदले, एवढाच त्यांचा मुहूर्त. पाणी त्यांनाही लागले होते. मग मी पाणाड्यालाच विचारले, "दादा, तुम्ही दाखवलेल्या जागांपैकी कोरड्या किती गेल्या?" तो क्षणभर थांबला आणि अगदी सरळपणे म्हणाला, "कोरडी गेली की लोक पुन्हा बोलावत नाहीत, सर. मला कसं कळणार?"

त्या दिवशी तेथे बोलले गेलेले हे एकच शास्त्रीय वाक्य होते, आणि ते पाणाड्याचे होते!

आपल्या सह्याद्रीचा खडक काळा बसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून तो झाला. वरच्या झिजलेल्या थरात, खडकाच्या भेगांत आणि सच्छिद्र पट्ट्यांत पाणी साठते. इतक्या पावसाच्या मुलखात पुरेसे खोल गेले की पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. तेव्हा "पाणी लागले की नाही" हा प्रश्नच अपुरा आहे. नारळाशिवाय निवडलेल्या जागांपेक्षा नारळाने निवडलेल्या जागांना जास्त वेळा पाणी लागते काय, हा खरा प्रश्न.

मी सुचवले, यांचे डोळे बांधू, आवारात दहा वेळा फिरवू, आणि नारळ दर खेपेस आंब्याखालीच उभा राहतो का ते पाहू. पाणाड्या तयार झाला. संतापले ते आमचे शेजारी. "सर, सगळंच काही प्रयोगशाळेत मावत नाही," असे मला ऐकवण्यात आले. प्रयोगशाळेत मावत नाही हे कबूल; पण ते अंगणात मावेल की नाही, हेसुद्धा कोणाला पाहायचे नव्हते.

शास्त्रीय पद्धती म्हणून आपण ज्याची पूजा बांधतो ती मुळात एवढीशी गोष्ट आहे. काय घडले तर आपण हरलो, हे खेळ सुरू होण्यापूर्वी सांगायचे आणि बरोबर आलेल्याइतकेच चुकलेलेही मोजायचे. याला पदवी लागत नाही, दुर्बीण लागत नाही. लागते ती चुकण्याची तयारी.

असा खेळ पुण्यात एकदा चोख खेळला गेला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या शंभर मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि हुशार कोण तेवढे ओळखायला सांगितले. एक्कावन्न जणांनी पत्रिका मागवल्या. उत्तरे सत्तावीस जणांनीच पाठवली. त्यांच्या यशाची सरासरी भरली शेकडा ४६. नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आली असती! उत्तम गुण पडले ते चाळीसपैकी चोवीस, आणि नशिबाचा भाग वगळण्यासाठी किमान अठ्ठावीस हवे होते. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. महाराष्ट्रात पत्रिका जुळवणे त्यानंतर थांबले काय? आपापल्या घरातल्या कपाटात डोकावून पाहावे.

येथे कोणी म्हणेल, शास्त्रज्ञ तरी कुठे आपला हट्ट सोडतात? बरोबर आहे. नारळीकरांचेच घ्या. विश्वाला आरंभ नाही, या फ्रेड हॉईल यांच्या स्थिर विश्वाच्या मताचे ते समर्थक. १९६५ मध्ये अवकाशभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध लागला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकरांनी नवी मांडणी केली, पण बहुमत मानले नाही. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तोवर त्यांचा पक्ष अल्पमतातच होता. यात विज्ञानाची नामुष्की नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या शब्दालासुद्धा पुराव्याविना कौल मिळत नाही, हेच तर या पद्धतीचे ऐश्वर्य! आम्ही मात्र बुवाचा शब्द झेलतो आणि नारळाला प्रमाणपत्र देतो.

"नारळाने कोणाचे काय बिघडले?" असे सौभाग्यवतींनी विचारले. नारळाने काही नाही, सवयीने बिघडते. खाचरांच्या या मुलखात सापाचे भय जुने. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही चावताना दर वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी बरेच जण वाचतात आणि त्याची कीर्ती गावभर सांगतात. ज्याला मण्यारीने खरोखर विष टोचले, ज्याला त्या घटकेस प्रतिविषाचे इंजेक्शनच हवे होते, तो साक्ष द्यायला परत येत नाही. कोरडे बोअर बोलत नाही, तसेच स्मशानही बोलत नाही. चुका न मोजण्याची किंमत कधी कधी एवढी असते.

आता शेजाऱ्यांना पुरेसे झोडपले. उरलेला तडाखा माझ्या पाठीवर. मी तीस वर्षे पुण्यात विज्ञान शिकवले. पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग दरवर्षी होई. मुले तापमापक पाहून सांगत, "सर, अठ्ठ्याण्णव." आणि मी म्हणे, "शंभर लिहा. परीक्षेत शंभरच येतं." आता आठवले की लाज वाटते. शंभर अंश हा आकडा समुद्रसपाटीवरचा. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते. मुलांचे डोळे बरोबर होते, चूक मास्तर होता! "दोन अंश कुठे गेले?" असे एकाही मुलाला मी विचारले नाही. त्या एका प्रश्नात हवेचा दाब होता, सह्याद्रीची उंची होती, सारे विज्ञान होते. वैज्ञानिक दृष्टी हे १९७६ पासून राज्यघटनेने नागरिकांचे कर्तव्य ठरवले, आणि मी वर्गात डोळ्यांपेक्षा पुस्तकावर विश्वास ठेवायला शिकवत राहिलो. आमच्या अभियंत्यांच्या प्रयोगवहीतही माझ्यासारख्याच कोणी मास्तराने शंभर लिहून घेतले असेल. मग त्यांनी नारळावर विश्वास ठेवला तर दोष कोणाचा?

तेव्हा यंदा फराळाला कोणी आले आणि "आमचा अनुभव आहे हो" म्हणाले, तर एकच विचारावे, "काय घडले तर तुम्ही हे म्हणणे सोडाल?" हा प्रश्न प्रथम मला विचारावा. माझे उत्तर तयार आहे. आमच्या पाणाड्याने डोळे बांधून दहापैकी नऊ वेळा तीच जागा दाखवली, तर पुढच्या बोअरचा नारळ मी स्वतः विकत आणीन. ज्याच्यापाशी असे उत्तर नसेल त्याला चकली जरूर द्यावी; बोअरचे पैसे देऊ नयेत.